उत्तरपत्रिकांच्या खोलीतली दहा मिनिटं

ऑक्टोबर लागला की आमच्या परीक्षा विभागात लाखेचा वास सुटतो. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मारलेल्या गाठीवर तिचे थेंब पाडायचे आणि ते थिजायच्या आत वरून पितळी शिक्का दाबायचा. बाकी सगळं ऑनलाइन झालं. प्रश्नपत्रिकासुद्धा आता संगणकावर येते, तीही पेपरच्या तासभर आधी, सगळ्यांचा जीव टांगणीला लावून. पण गठ्ठ्याला लाख अजून लागतेच. सकाळी उमरोळीहून स्कूटरवर निघावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पडलेलं असतं, त्याचा ओलसर गोडूस वास नाकात भरतो, आणि पालघरला कॉलेजात पाऊल टाकलं की लाख. वीस-बावीस वर्षं माझा ऑक्टोबर हा असाच आहे. लोकांना ऑक्टोबर म्हटलं की दिवाळी आठवते, आम्हाला हजेरीपट.

आणि मला भारतीताई आठवते.

भारती तांडेल. अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. समुद्रकाठच्या दांडी गावची. नवऱ्यासकट सगळं घर मासेमारीवर, शिकून नोकरीत आलेली ही एकटीच. आवाज असा की मधल्या मोकळ्या जागेपलीकडून हाक मारली तरी पेपर लिहिणाऱ्या पोरांनी दचकून वर बघावं. दांडी इथून काही लांब नाही. बोईसरवरून गेलं तर तासाभरात पोचेन, वाटेत चहा घेऊनसुद्धा. ती निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि मी एकदाही गेलेले नाही. फोनही केलेला नाही. आमचं भांडण झालं असं कोणाला वाटेल. भांडण झालं असतं तर बरंच झालं असतं, भांडण मिटवता येतं. मी जे केलं त्याला भांडण म्हणत नाहीत. ते सांगणारच आहे, पण आधी तो हंगाम सांगायला हवा, नाहीतर ताई कोण होती ते कळायचं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा हंगाम असेल. विभागात सहा जणांचं काम तिघांवर आलेलं. एक निवृत्त, एकीची बदली, एक बाळंतपणाच्या रजेवर, आणि वरून कोणी येणार येणार म्हणून नुसत्या वाटेला डोळे. जुन्या परीक्षेचे निकाल लागले नव्हते आणि नवी परीक्षा डोक्यावर. खिडकीशी मुलं भांडायची, फोनवर पालक भांडायचे, आणि विद्यापीठाचा माणूस फोनवर इतक्या थंड आवाजात बोलायचा की त्यापेक्षा भांडला असता तर परवडलं असतं. झेरॉक्सचं यंत्र तापून बंद पडायचं, की आम्ही दोघी पुठ्ठ्याने त्याला वारा घालायचो. स्वतःला वारा घालायचं सुचायचं नाही.

माझं काम मोजायचं. वर्गातून पर्यवेक्षक उत्तरपत्रिका आणून देतात, त्या मोजायच्या, हजेरीशी ताळा घ्यायचा, आसन क्रमांकाने लावायच्या आणि बांधायच्या. एक जरी कमी भरली तर एखाद्या पोराचं वर्ष बुडतं. हे वाक्य मी नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं आहे, अगदी ऐटीत. त्या हंगामात तेच माझ्या मानेवर बसलं. अडतीस हजर, अडतीस उत्तरपत्रिका. बरोबर. तरी हात पुन्हा पहिल्या पानावर जायचा. पुन्हा अडतीस. पुन्हा. मध्येच सदतीस यायचे आणि मी गठ्ठा सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायचे. मग घरी चपात्या मोजायला लागले, दोरीवरचे कपडे मोजायला लागले. अर्ध्या वाटेवरून स्कूटर वळवून कपाटाला कुलूप आहे का बघायला परत यायचे. कुलूप असायचंच. तेव्हा ते कुलूप बघून मला कसलाही आनंद व्हायचा नाही.

एका दुपारी लाखेचा थेंब पाडताना छातीत धडधडायला लागलं, बोटं बधिर झाली. मला वाटलं, संपलं. दोन लहान मुलं, सासूबाई, वाडीतली केळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, पट्टी एकदम छान. डॉक्टर म्हणाले, "ताई, गॅस आहे. आणि टेन्शन घेऊ नका." अहो, मी काय ते दुकानातून पिशवीत घालून आणते? माझा संताप संताप झाला. पण जेलुसिल घेऊन घरी आले.

भारतीताईने मात्र ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी चौथ्यांदा मोजत होते, तर तिने माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला. उठवलं आणि मागच्या खोलीत नेलं. जुन्या उत्तरपत्रिका ठेवायची खोली ती. नियमाप्रमाणे काही काळ ठेवायच्या, मग रद्दीत. छतापर्यंत गठ्ठे, एक खिडकी, तिला जाळी, आणि एक तीन पायांचं बाक भिंतीला टेकवलेलं.

"बस हितं. दहा मिनिटं," ती म्हणाली. "रडायचं आसेल तर रड, नायतर नुसती बस. मोबाइल माज्याकडे दे. मी दाराशी हाय."

"मला काही झालेलं नाही ताई. गॅस आहे."

"बरं. मग गॅस हाय म्हणून बस."

मी बसले. पहिली पाच मिनिटं समोरच्या रॅकमधले गठ्ठे मोजले, खोटं कशाला बोलू. मग कधी रडायला लागले कळलं नाही. बाहेर ताई उभ्याउभ्या सुतळीचं रीळ गुंडाळत होती. साहेब आले. त्यांनी विचारलं, "राऊत मॅडम कुठे?" ताई तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "जुने गठ्ठे बघतायत, सर. दहा मिनिटांत येतील." आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच. दार उघडून म्हणाली, "चल निलू, तोंड धू. तीनचा पेपर सुटेल."

मग हे रोजचंच झालं, माझ्यापुरतंच नाही. ग्रंथालयातली एक जण यायची, प्रयोगशाळेतले एक काका यायचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, बायको आजारी. त्या खोलीचे नियम कोणी लिहिलेले नव्हते. दार लोटलेलं असलं की आत माणूस आहे. हाक मारायची नाही. बाहेर आलेल्याला डोळे लाल का म्हणून विचारायचं नाही, धूळ आहे ना आत. आणि आत कोणी असलं की दाराशी एक जण हवाच, बहुतेक वेळा ताईच. तिच्या टेबलावरचं काम तुंबायचं, ते ती घरी जायच्या आधी उभ्याने उरकायची. त्या खोलीत मी इतकी रडले, आणि तरी आज मला विचाराल तर नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. वेडेपणा वाटेल, पण आहे असं. माझ्यासाठी कोणीतरी दाराशी उभं आहे, ही गोष्ट मला त्याआधी माहीत नव्हती आणि नंतरही पुन्हा मिळाली नाही.

पण रडून सगळं बरं होत नाही, हेही तिलाच कळलं. भर परीक्षेत एका बुधवारी तिने दोघींचे अर्ध्या दिवसाच्या रजेचे अर्ज स्वतःच लिहून आणले. मला फक्त सही करायला सांगितली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बोईसरला जायचंय. डोक्याचा डॉक्टर हाय."

"वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं.

"मला नाय लागलेलं. तुला लागू नये म्हणून चाललोय."

बोईसरला स्टेशनच्या बाजूच्या एका गल्लीत, औषधाच्या दुकानावरचा मजला. खाली कंपन्यांच्या पाळीच्या बसगाड्या, रिक्षावाल्यांचा ओरडा, वडापावच्या गाडीचा धूर. मी पदर डोक्यावरून घेतला होता, आयुष्यात कधी घेत नाही ती. कोणी ओळखीचं भेटलं तर? जिन्यातच नंबर लावून माणसं बसलेली. माझ्या शेजारी कारखान्याच्या निळ्या कपड्यांतला एक जण होता, तिशीचा असेल. तो आपणहून म्हणाला, "दीदी, नाम लिखवा दो पहले, नहीं तो बैठे रह जाओगे." मग थोड्या वेळाने, "मेरे को मशीन का आवाज आता रहता है. छुट्टी के दिन भी. आपको?" मी पदर सारखा केला. पण मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, मला आकडे ऐकू येतात. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. अजून कधी बोईसरच्या त्या बाजूला गेले की निळे कपडे दिसले तर मी चेहरा बघते.

डॉक्टरांनी विचारलं, "एक गठ्ठा किती वेळा मोजता?"

"तीनदा," मी म्हटलं.

"खोटं," ताई म्हणाली. "अकरा वेळा. मी मोजलंय."

डॉक्टर हसले, मी हसले, कितीतरी दिवसांनी हसले. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, दर पंधरवड्याला यायला सांगितलं. घरी काय सांगायचं? मी सांगितलं, डोळे तपासायला गेले होते. नवरा साधा माणूस. त्याने त्या दिवसापासून रोज गाजरं आणायला सुरुवात केली. कोशिंबीर, हलवा, रस. दोन वर्षं आमच्या घरी गाजर खाल्लं जात होतं आणि दोन वर्षं मी डाळीच्या डब्यात लपवून गोळ्या खात होते. त्या गाजरांबद्दल मला आजही अपराधी वाटतं.

गोळ्यांनी आधी तोंड कोरडं पडलं, मग झोप आली, मग एका दुपारी गठ्ठा दोनदा मोजून मी बांधून टाकला आणि ताईकडे बघितलं. तिने लाखेची कांडी पुढे केली.

आता ते सांगते.

परीक्षा संपली की शेवटचा गठ्ठा रवाना झाल्यावर आमच्याकडे सगळे मिळून जेवतात. ज्याने त्याने घरून काही आणायचं. थंडी पडायला लागलेली असते, म्हणून मी उकडहंडी आणते, आमच्या वाडीतले कंद आणि शेंगा घालून. ताई बोंबील तळून आणायची, मोठा डबा भरून. त्या दिवशी बाजूच्या विभागांतलेही आले होते. त्यात लेखा विभागातला संदेश घरत, तेव्हा चाळिशीच्या आतला, बोलायला भलताच मिश्कील. बोंबील खाताखाता म्हणाला, "काय भारतीताई, हल्ली म्हणे तुम्ही बोईसरला गिऱ्हाइकं पोचवता? वेड्यांच्या डॉक्टरकडे? कमिशन किती देतो तो?"

सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तसा तो नाहीच. मग कोणीतरी म्हणालं, "पण राऊत मॅडमना पण नेलं होतं ना?" आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

मी हसले. सगळ्यांहून मोठ्याने हसले. म्हणाले, "छे हो! मी आपली डोळे तपासायला गेले होते. ताईच्या डोक्यात काय काय येतं तिलाच माहीत. तिला वाटतं जगात सगळेच वेडे."

ताईने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. माझं ताट रिकामं दिसलं म्हणून दोन बोंबील वाढले आणि पुढे गेली. बाकीच्यांना वाढत गेली. त्यानंतर त्या खोलीचं दार लोटलेलं कोणी पाहिलं नाही. ग्रंथालयातली यायची थांबली, काका थांबले. कोण कशाला येईल? आत जाणाऱ्याला वेडा ठरवायला मीच शिकवलं सगळ्यांना, मी, जी सगळ्यात जास्त वेळा आत गेले होते.

पुढच्या जूनमध्ये तिने शिष्यवृत्ती विभाग मागून घेतला. खालच्या मजल्यावर. मला हायसं वाटलं. खरं तेच आहे. ज्या माणसाने आपल्याला इतकं मोडलेलं पाहिलं, ते माणूस रोज डोळ्यांसमोर नको वाटतं. मी बरी होत गेले तशी तिच्यापासून लांब होत गेले. जिन्यात भेटली तर घाईत असायचे. बोईसरला एकटी जायला लागले. ती निवृत्त झाली तेव्हा निरोपसमारंभ होता, मी त्या दिवशी रजा टाकली, वाडीत केळीचे घड उतरवायचे आहेत म्हणून. घड दोन दिवस थांबले असते. ताई थांबणार नव्हती.

यंदा उन्हाळ्यात परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांचा कामाचा ताण, मानसिक आरोग्य, साहाय्य कक्ष. दर बुधवारी दुपारी समुपदेशक येणार, ग्रंथालयाशेजारची खोली द्यावी, एक समन्वयक नेमावा. साहेबांनी माझं नाव टाकलं. "तुम्ही पद्धतशीर आहात, मॅडम," म्हणाले. मी आहेच पद्धतशीर. खोली झाडून घेतली, पडदा लावला, पाण्याचा माठ ठेवला. आणि एक रजिस्टर तयार केलं. पट्टी घेऊन सुंदर रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, पद, विभाग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कारण, सही. पानांना क्रमांक दिले, दारात टेबल टाकून त्यावर ठेवलं आणि पेन पळवू नये म्हणून त्याला सुतळी बांधली. लांबून बघितलं आणि मला फार बरं वाटलं, काय सांगू. वीस वर्षांची मोजामोजीची सवय. माणूस रडायला आला तरी त्याची आवक नोंद झाली पाहिजे!

पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, कधीच नाही. समुपदेशक मुलगी बोईसरहून यायची, हुशार, हसरी. ती आपला डबा खायची, पुस्तक वाचायची, आणि पाच वाजता विचारायची, "मॅडम, इथे कोणालाच ताण नाही का?" वरून पत्र आलं, लाभार्थी संख्या कळवा. मी शून्य कळवलं. आणि वर लोकांनाच नावं ठेवली, सोय केली तरी यांना नको.

तोवर ऑक्टोबर आला. घरत आता आमच्याच विभागात आलेला आहे, ताईच्या टेबलावर बसतो. त्याची मस्करी कधी बंद झाली ते कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्याच्या वाट्याला ऑनलाइन प्रश्नपत्रिकेचं काम. रोज तो तासभर, सर्व्हर चालतो की नाही, या धाकात. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, कोणत्या कपाटात काय आहे त्याची यादी करून ठेवलीय. पासवर्ड पण लिहिलेत. मी नसलो तर अडायला नको."

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"कुठे नाही," म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा आला.

त्या बुधवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे रजिस्टर उचलायला गेले. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत अक्षरं होती. अनुक्रमांक एक. संदेश घरत. आल्याची वेळ दोन चाळीस. कारण या रकान्यात पेन टेकवल्याचा ठिपका. आणि मग ती सगळी ओळ एका सरळ रेघेने खोडलेली, आणि बाजूला त्याची छोटी सही. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एका रेघेने खोडायचं आणि बाजूला सही करायची, म्हणजे जबाबदारी कोणाची ते कळतं. मीच शिकवलं होतं त्याला, विभागात आला तेव्हा. बिचारा दारापर्यंत आला, माझे रकाने बघितले, स्वतःला नियमाप्रमाणे रद्द केलं आणि परत गेला.

मी तिथल्या खुर्चीवर मट्‌कन बसले. त्या जेवणातलं माझं वाक्य आणि आत्ताचं माझं रजिस्टर, दोन्ही मला एकच वाटलं. दोन्ही वेळा दारात मीच आडवी आले होते. ताई दाराशी उभी राहायची ती माणूस आत जावा म्हणून. रजिस्टर कपाटात टाकून कुलूप लावलं. फाडलं नाही, पानांना क्रमांक दिलेत, फाडता येत नाही. हसू नका, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आलेले असताना, पेपर यायला अजून वेळ होता, मी घरतच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "घरत, मला तुम्हाला एक सांगायचंय. सगळ्यांनीच ऐका. मी डोळे तपासायला गेले नव्हते. मी बोईसरला मनाच्या डॉक्टरकडे जात होते. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या. मला मोजणं थांबवता येत नव्हतं. भारतीताईने नेलं मला, आणि मी तिलाच सगळ्यांसमोर खोटं पाडलं."

झेरॉक्सवाली यंत्र बंद करून उभी राहिली. घरत खाली बघत होता. तसाच म्हणाला, "कमिशनचं मीच बोललो होतो."

"हसले मी होते."

"मॅडम," त्याने वर बघितलं, "गोळ्यांनी झोप येते का हो?"

त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. "येते," मी म्हटलं. "आधी तोंड कोरडं पडतं. मग येते."

बुधवारपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं. साहेबांना स्पष्ट सांगितलं, त्याचं काम आज मी बघते, चुकलं तर माझी जबाबदारी. त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, ती येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही. दुपारी ती दोघं बोईसरला गेली. आता तो रजेवर आहे. एकदम बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण परवा बायकोचा फोन आला, अर्धी भाकरी जास्त खाल्ली म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली. मी ऐकत राहिले. ऐकताना सारखं वाटत होतं, हे ताईला सांगायला हवं. आणि लगेच दुसरं, कोणत्या तोंडाने?

रविवारी स्कूटर काढली. नवऱ्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, गाजरांसकट. तो म्हणाला, "मला पण गाजर फारसं आवडत नाही गं." निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "सावकाश जा." बोईसर मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, खारा वारा लागला. सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवत होते. ताई, मला माफ कर. ताई, माझं चुकलं. प्रत्येक वाक्य परीक्षेतल्या पाठ उत्तरासारखं वाटत होतं.

दांडीत पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. ताई ओट्यावर बसून सुकट निवडत होती. केस पांढरे झालेत. बारीक झालीय. तिने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"कोनाला घेऊन आलीस?"

"कोणाला नाही. एकटीच."

"मग तुला परत होतंय काय?"

"नाही ताई. मी बरी आहे."

"बरी हायस?"

"हो."

तिने हातातली सुकट सुपात टाकली. "बरी हायस, आणि तरी आलीस?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. "ताई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला..."

"माहीत हाय."

"आणि निरोपाला आले नाही."

"तेपन माहीत हाय."

घरामागे एक होडी लाकडांवर चढवून ठेवलेली होती, ताडपत्रीने झाकलेली. भर हंगामात गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात आणि हीच घराशी. मी वाडीतली बाई, मला कळायला वेळ लागला. मी तिच्याकडे बघितलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे.

"दीड वर्स झालं त्यांना," ती म्हणाली. "तुला कोन सांगनार? मीपन नाय कळवलं. म्हटलं, निलू बरी झालीय, तिला कशाला."

मी रडायला लागले तशी तिने हात वर केला, पूर्वी खिडकीशी भांडणाऱ्या पोरांना करायची तसाच. सूप बाजूला सरकवलं आणि ओट्यावर जागा केली.

"बस हितं. आज तू नको बोलू, निलू. आज मला बोलायचंय."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसले. तिला सुरुवात करायला बराच वेळ लागला. मी थांबले.